वीस वर्षांचा करार

संपादकांचा निरोप होता, ‘एखाद्या जुन्या खासगी शाळेची ओळख करून द्या, मुलांची शाळा असेल तर उत्तम.’ धाडमध्ये खासगी शाळा म्हटलं की दोन चित्रं डोळ्यापुढे येतात. एक म्हणजे सकाळी गल्लीत हॉर्न वाजवणारी इंग्रजी माध्यमाची पिवळी बस. दुसरं म्हणजे कुठल्यातरी शिक्षण प्रसारक मंडळाची शाळा. तिचे अध्यक्ष सहसा राजकारणात असतात आणि तिथले निम्मे मास्तर ‘टप्पा अनुदान’ या शब्दावर जीव धरून असतात. बुलढाणा तालुक्याच्या दक्षिण टोकाला, मराठवाड्याच्या हद्दीला लागून असलेल्या या गावात खासगी शाळा म्हणजे मास्तरांनी काढलेली शाळा, असं कोणाच्या स्वप्नातही येत नाही. पण आपल्याकडे खासगी शाळा अशाही निघाल्या आहेत. म्हणून मी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलकडे वळलो.

तिचा अधिकृत इतिहास पाठ्यपुस्तकातून सगळ्यांना माहीत आहे. रत्नागिरीच्या हायस्कुलातली सरकारी नोकरी सोडून विष्णुशास्त्री चिपळूणकर पुण्याला आले. टिळक आणि माधवराव नामजोशी येऊन मिळाले आणि जानेवारी १८८० मध्ये बुधवार पेठेतल्या मोरोबादादांच्या वाड्यात वर्ग भरू लागले. पहिल्या वर्षी टिळक-नामजोशींनी पगार घेतला नाही. पुढच्याच वर्षी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले, १८८२ मध्ये कोल्हापूरच्या दिवाणाच्या बदनामीच्या खटल्यात टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले, आणि त्याच वर्षी चिपळूणकर ऐन बत्तिशीच्या उंबरठ्यावर वारले. एक संस्थापक गेलेला, दोन शिक्षक तुरुंगात, सरकारी अनुदान नाही. अशी शाळा त्याच वर्षी शिक्षणविषयक हंटर आयोगाच्या अध्यक्षांनी पाहिली आणि हिच्या तोडीची संस्था हिंदुस्थानात आढळली नाही असा शेरा दिला. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, जानेवारी १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. शाळा अर्थात मुलांचीच होती. मुलींसाठी हुजूरपागा १८८४ मध्ये वेगळी निघाली, आणि तिथल्या अभ्यासक्रमावरून टिळक-आगरकरांची तोंडं दोन दिशांना होती, ते पुढे सर्वांना दिसलंच.

वऱ्हाडातल्या वाचकाने एक गोष्ट मात्र आपली म्हणून लक्षात ठेवावी. आगरकर मूळचे कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, पण मॅट्रिक झाले ते अकोल्याहून. तिथे विष्णु मोरेश्वर महाजनींसारखे शिक्षक त्यांना लाभले. एम.ए.च्या सुमारास आईला लिहिलेल्या पत्रात या मुलाने मोठ्या पगाराची आशा ठेवू नकोस, मी पोटापुरत्या पैशावर समाधान मानणार आहे, असं कळवलं. त्या पत्रावर गावोगाव भाषणं होतात. ती ऐकताना मला त्या आईची आठवण जास्त होते.

टिळक-आगरकरांच्या झोतात एक माणूस कायम अंधारात राहिला. मला गुंतवलं ते त्यानेच. वामन शिवराम आपटे. जन्म १८५८, सावंतवाडी संस्थानातल्या असोलीपाळ गावचा. लहानपणीच आईबाप गेले. कोल्हापुरात शिक्षण, मग डेक्कन कॉलेज, संस्कृतातली बक्षिसं. १८८० मध्येच तो न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आला आणि लवकरच शाळेचा कारभार त्याच्या हाती गेला. वय बाविशी-तेविशीचं. इतर मंडळी अग्रलेख लिहीत होती, सभा गाजवत होती, तुरुंगात जात होती. अशा वेळी वेळापत्रक, तासिका, परीक्षा, शिस्त हे सगळं कोणीतरी रोज सकाळी सांभाळावंच लागतं. आपटे ते सांभाळत होते. (गाजलेल्या माणसांच्या प्रत्येक संस्थेत असा एक न गाजलेला माणूस असतो. ज्या संस्थेत तो नसतो, ती टिकत नाही.)

आणि हे करता करता त्यांनी पुस्तकं लिहिली. १८८१ मध्ये संस्कृत लेखन शिकवणारं मार्गदर्शक पुस्तक, १८८४ मध्ये इंग्रजी-संस्कृत कोश, १८९० मध्ये मोठा संस्कृत-इंग्रजी कोश. या शेवटच्या कोशाचा हेतू मला फार महत्त्वाचा वाटतो. तो पंडितांवर छाप पाडायला लिहिलेला नाही, शिकणाऱ्या मुलांसाठी लिहिलेला आहे. कालिदास, भवभूती, बाण वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ज्या शब्दाशी अडायला होतं तो शब्द, त्याच्या छटा आणि तो कुठे कसा आला त्याचे दाखले. वर्गात कोण कुठे अडखळतं हे रोज पाहणारा शिक्षकच अशी निवड करू शकतो. १८९२ च्या ऑगस्टमध्ये, फर्ग्युसनचे प्राचार्य असतानाच आपटे गेले. पस्तिशीही गाठली नव्हती. पुढे प. कृ. गोडे आणि चिं. ग. कर्वे यांनी १९५७ ते १९५९ या काळात त्या कोशाची तीन खंडांची वाढवलेली आवृत्ती काढली. कोश आजही वापरात आहे.

या सगळ्यांना बांधून ठेवणारी गोष्ट होती एक करार. सोसायटीचा आजीव सदस्य व्हायचं तर वीस वर्षं इथेच शिकवायचं, ठरलेल्या थोडक्या पगारावर. शाळा चालवणारे तेच आणि खडू हातात धरणारेही तेच. वरती कोणी धनी नाही. आपटे, टिळक, आगरकर, नामजोशी, वासुदेवराव केळकर, गोळे, धारप हे पहिले सात. मागाहून गोखले आले. टिळकांनी सोडलेली गणिताची जागा १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी भरली. केंब्रिजला सिनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे परत येऊन याच करारावर महिना ७५ रुपयांत प्राचार्य झाले. त्यांच्या योग्यतेला सरकारी खात्यात याच्या कितीतरी पट पगार मिळाला असता.

कागदावर ही व्यवस्था देखणी होती. ती चालवताना मात्र माणसं एकमेकांना बोचू लागली. टिळकांचं म्हणणं जेसुइट पाद्र्यांच्या वळणाचं होतं. वीस वर्षं दिली म्हणजे सगळा वेळ दिला, बाहेरची कमाई संस्थेची. इतरांचं म्हणणं, तास चोख घेतल्यावर उरलेल्या वेळात पुस्तक लिहिलं आणि चार पैसे मिळाले, तर त्यावर संस्थेचा हक्क कसला? आगरकरांचा दमा, घरातली माणसं, त्यात समाजाचा रोष. पगारात थोडी वाढ मागितली तर वाद, होळकर महाराजांनी देणगी दिली तर ती कोणाची यावरून वाद. १८८७ मध्ये आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले, पुढच्या वर्षी ‘सुधारक’ निघाला. १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं, तेव्हा टिळकांनी लांबलचक राजीनामा लिहिला आणि दहा वर्षांपूर्वी स्वतः उभी केलेली शाळा सोडली. मला विचाराल तर तत्त्वात टिळक बरोबर होते आणि घरखर्चात आगरकर. पाच वर्षांत आगरकरही गेले, एकोणचाळिसावं पूर्ण होण्याआधी. करार मात्र टिकला. गोखले १९०२ पर्यंत तिथेच शिकवत राहिले.

या करारातली मेख साधी आहे. शिक्षकाला पगार कमी होता, पण मताला किंमत होती. तेच भांडले, तेच निघून गेले, कारण भांडायला त्यांची स्वतःची संस्था होती. पुढे रयत शिक्षण संस्थेत भाऊराव पाटलांनी आजीव सेवकांची फळी उभी केली. आपल्याकडे अमरावतीत पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, ती शेतकऱ्यांच्या पोरांसाठी. शाळा खेड्यात पोचल्या. हे काम पुण्याच्या वाड्यांतून झालं नसतं, हेही म्हटलं पाहिजे.

मग गाडी कुठे घसरली? अनुदान आलं, पगार सरकारी तिजोरीतून होऊ लागले, १९७७ च्या कायद्याने नोकरीला संरक्षण मिळालं. हे चांगलंच झालं. पण नेमणूक संस्थाचालकाच्या हातात राहिली, आणि पक्का पगार असलेली जागा विकाऊ झाली. जमीन विकून ‘डोनेशन’ भरलेले शिक्षक कोणत्या गावात नाहीत? २००१ मध्ये सरकारने ‘कायम विनाअनुदानित’ धोरण आणलं. त्यातला ‘कायम’ शब्द २००९ मध्ये काढला, पण पैसे काही लगेच आले नाहीत. मग वीस टक्के, चाळीस टक्के असे टप्पे, आणि दर टप्प्यासाठी आझाद मैदानावर आंदोलन. ज्यांच्या वर्गात पोरं पायथागोरस शिकली ते सर सुट्टीत दुसऱ्याच्या रानात मजुरीला जातात, हे आपल्या भागात कोणाला नवं नाही. भरतीसाठी पवित्र पोर्टल आलं, तरी खासगी संस्थेत मुलाखतीची वाट उघडी आहे. जूनच्या आधी पट टिकवण्यासाठी मास्तर दारोदार हिंडतात, कारण पटावरून शिक्षकांच्या जागा ठरवणाऱ्या संचमान्यतेत पट घटला की तेच अतिरिक्त ठरतात. टिळकांनी बिनपगारी वर्ष काढलं ते स्वखुशीने, उद्याच्या आपल्या संस्थेसाठी. इथला शिक्षक दहा-दहा वर्षं बिनपगारी काढतो, तेही आधी पैसे मोजून, आणि संस्थेच्या सभेत त्याला खुर्ची नसते.

माजी विद्यार्थ्यांचे मेळावे आता आपल्याकडेही जोरात होतात. वर्गणी निघते, प्रवेशद्वाराला कमान होते, ग्रॅनाइटच्या पाटीवर नावं कोरली जातात. पुढच्या मेळाव्याला जाल तेव्हा वर्गणीची पावती फाडण्याआधी अध्यक्षांना दोन प्रश्न विचारा. आपल्या शाळेत बिनपगारी किती जण शिकवतात? आणि मागच्या नेमणुकीत उमेदवाराकडून काय घेतलं? उत्तर मिळेपर्यंत कमानीचे पैसे त्या शिक्षकांच्या मानधनाला द्या.