साडेएक नव्हे, दीड!
आजीला हल्ली काटे दिसत नाहीत, म्हणून बोलणारं घड्याळ केलं. आर्डुइनो नॅनो, वेळेसाठी डीएस३२३१, आवाजासाठी डीएफप्लेअर मिनी, स्पीकर आणि एक मोठं बटण. लाइट गेली तरी डीएस३२३१ नाण्याएवढ्या सेलवर चालत राहतं. स्पीकर खरखरायचा, प्लेअरच्या आरएक्स पिनला १ किलोओहमचा रेझिस्टर लावला, थांबलं.

खरा घाम मराठीने काढला! इंग्रजीत वीसपर्यंतचे आकडे, वर तीस, चाळीस, पन्नास, की जोडून भागतं. आपले एकोणतीस, त्रेचाळीस सगळे स्वतंत्र. मिनिटांच्याच ५९ फाइली. शिवाय सव्वा, साडे, पावणे. पहिल्याच दुपारी घड्याळ बोललं, "साडेएक वाजले." आजी म्हणाली, "अगं बाई, याला आधी दीड शिकवा!" मग दीड-अडीचच्या वेगळ्या फाइली केल्या. दीड 'वाजला', अडीच 'वाजले', तीही अट कोडमध्ये टाकली.