दोन दिवसांत पालटलेली खोली
कनेरगाव नाक्यावर दिवाळीआधी एक खोली रंगवायची तर पेंटरची वाट पाहण्यातच आठवडा जातो. बीबीसीच्या १९९६मध्ये सुरू झालेल्या ‘चेंजिंग रूम्स’ या टीव्ही कार्यक्रमात मात्र दोन शेजारी दोन दिवस घरं बदलत आणि डिझायनरच्या मदतीनं एकमेकांची खोली पालटत. खर्चाची मर्यादा ५०० पौंड. घाई नडायचीच! एकदा टांगती फळी कोसळून घरमालकिणीच्या जुन्या, किमती किटल्यांचा चुरा झाला.

अमेरिकेत २००६मध्ये ‘डिझाइन स्टार’ आलं. तिथं डिझायनरच एकमेकांचे स्पर्धक. पहिला विजेता डेव्हिड ब्रॉमस्टॅड, पूर्वी डिस्नेसाठी चित्रं काढणारा. बक्षीस काय, तर स्वतःचा कार्यक्रम: ‘कलर स्प्लॅश’. म्हणजे हाताइतकीच जीभही चालायला हवी.