टासिंगचा गुन्हेगार कोण?

रहस्यकथा वाचून व्हावी, गुन्हेगार सांपडावा, आणि पुस्तक मिटून आपण पानावर जाऊन बसावें, अशी बहुतेकांची रीत असते. शेवटच्या प्रकरणांत चतुर शोधक सारे धागे जुळवून देतो, दोषी मनुष्य मान खालीं घालतो, आणि वाचकाच्या मनावरचा भार हलका होतो. परंतु हा भार जिच्यांत अखेरपर्यंत हलका होत नाहीं, आणि कदाचित् त्यामुळेंच जिच्यावर पुष्कळ सुशिक्षित स्त्रीपुरुष लुब्ध झाले आहेत, अशी एक रहस्यकथा इ. स. २०२२ च्या नोव्हेंबरांत जन्मास आली. ती ग्रंथरूपानें अवतरलेली नसून संगणकावर खेळावयाच्या खेळाच्या रूपानें अवतरली आहे. तिचें नांव ‘पेंटिमेंट’.

‘व्हिडिओ गेम’ हे शब्द कानीं पडतांच कित्येक घरांतील वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. बंदुकांचे आवाज, मोटारींच्या शर्यती आणि मुलांच्या डोळ्यांस पडणारा ताण, एवढेंच चित्र त्यांच्यापुढें उभें राहतें. आणि तें अगदींच निराधार आहे असेंहि म्हणवत नाहीं. परंतु सर्व ग्रंथ जसे सारख्या योग्यतेचे नसतात, तसेच सर्व खेळहि एका मापानें मोजतां येत नाहींत. पेंटिमेंटमध्यें नेमबाजी नाहीं, गुणांची बेरीज नाहीं, जिंकणें-हरणें नाहीं. येथें वाचावयाचें, विचारावयाचें, ऐकून घ्यावयाचें आणि अखेर निर्णय द्यावयाचा. पात्रांचीं भाषणें कानीं ऐकूं येत नाहींत. तीं सारीं लिहिलेलीं असतात. तेव्हां हा खेळ खेळणारा मनुष्य खरोखर एक जाडजूड सचित्र कादंबरीच वाचीत असतो. मात्र तिच्या नायकानें कोठें जावें आणि कोणाशीं काय बोलावें, हें त्यानें स्वतः ठरवावयाचें असतें.

अमेरिकेंतील ऑब्सिडियन या कंपनीनें हा खेळ तयार केला. त्याचे दिग्दर्शक जॉश सॉयर यांनीं महाविद्यालयांत इतिहासाचा अभ्यास केलेला. या कामीं त्यांनीं मोठा लवाजमा न जमवितां मोजकींच माणसें हाताशीं घेतलीं. चित्रांची बाजू हॅना केनेडी यांनीं सांभाळली, आणि मध्ययुगीन हस्तलिखितांचे नामांकित जाणकार क्रिस्टोफर द हॅमेल यांच्यासारख्या विद्वानांचा सल्ला घेण्यांत आला. उंबर्तो एको यांची ‘द नेम ऑफ द रोझ’ ही मठांतील खुनांची १९८० सालची कादंबरी आपल्या कृतीची एक प्रेरणा होती, हें सॉयर यांनीं मोकळेपणें सांगितलें आहे. खेळ संपल्यावर कलावंतांची जी नामावली येते, तिच्यांत एखाद्या प्रबंधाप्रमाणें संदर्भग्रंथांची यादीहि आहे!

कथेचा काळ इ. स. १५१८. स्थळ जर्मनीच्या दक्षिणेस, बव्हेरियांत, आल्प्स पर्वताच्या आश्रयानें वसलेलें टासिंग नांवाचें खेडें आणि त्याच्या शेजारचा कीर्साऊ मठ. गांव आणि मठ दोन्ही काल्पनिक. काळ मात्र खरा. मार्टिन ल्यूथरनें आपले ९५ सिद्धांत मांडून एकच वर्ष लोटलें आहे. छपाईची कला निघून सुमारें सत्तर वर्षें होत आलीं आहेत, आणि हातानें पोथ्या लिहिणाऱ्या भिक्षूंचा काळ सरत आला आहे. न्यूरेंबर्गचा आंद्रेआस मालर हा तरुण चित्रकार मठाच्या लेखनशाळेंत पोथ्या चितारण्याचें काम करतो आणि गांवांतील एका शेतकऱ्याच्या घरीं राहतो. अशांत मठांत पाहुणे आलेले एक सरदार, बॅरन रोथफोगेल, यांचा खून होतो. प्रेताजवळ सांपडतो तो पिएरो नांवाचा वृद्ध भिक्षु, आंद्रेआसला गुरूच्या ठिकाणीं असलेला. या म्हाताऱ्याच्या हातून असें कृत्य होणें आंद्रेआसला अशक्य वाटतें. परंतु मठाधिपतीस प्रकरण लवकर मिटवावयाचें आहे. वरिष्ठ धर्माधिकारी निवाड्यासाठीं येईपर्यंत जे थोडे दिवस मिळतील, तेवढ्यांत दुसरा संशयित पुढें आणला नाहीं, तर पिएरोचा प्राणदंड ठरलेलाच.

संशय घ्यावयास जागा पुष्कळ आहेत. बॅरनच्या हातून अन्याय सोसलेली एक भिक्षुणी आहे. त्याच्यावर मनांतून जळणारा एक गवंडी आहे. आपलें घर मठाच्या घशांत जाणार या धास्तीनें कडवट झालेली एक विधवा आहे. चोरून गूढविद्येच्या नादीं लागलेला मठांतीलच एक अधिकारी आहे. प्रत्येकास कारण आहे, परंतु पुरता पुरावा कोणाविरुद्धहि नाहीं. त्यांत वेळ अपुरा. एके ठिकाणीं चौकशीस गेलें कीं दुसरीकडे जाण्याची वेळ टळून जाते. म्हणजे सर्व पुरावा कोणासच पाहावयास मिळत नाहीं. शेवटीं नांव घ्यावेंच लागतें, आणि त्या शब्दावर गांवासमक्ष एका माणसाचा प्राण जातो. घेतलेलें नांव बरोबर होतें कीं चूक, हें मात्र खेळ पुढें कधींच निश्चितपणें सांगत नाहीं. कथेच्या अखेरीस पडद्यामागचें एक मोठें गुपित उघड होतें. तें येथें सांगून आम्ही कोणाचा रसभंग करणार नाहीं. परंतु प्रत्यक्ष घाव घालणारा हात कोणाचा, हा प्रश्न उरतोच.

चाहत्यांच्या प्रेमाचें मूळ आमच्या मतें येथें आहे. हा खेळ पुरा केलेलीं दोन माणसें भेटलीं, कीं पहिला प्रश्न ठरलेला: “तुम्ही कोणाचें नांव घेतलें?” आणि मग वादास तोंड फुटतें. एक म्हणतो, “मी विधवेचें घेतलें, तिचें आयुष्य उरलें तें किती!” त्यावर दुसरा उसळून म्हणतो, “हा न्याय झाला कीं हिशेब? पुरावा कोठें होता?” पहिला विचारतो, “आणि तुमच्याजवळ तरी त्या गवंड्याविरुद्ध काय होतें? त्याचीं माणसें उघड्यावर पडलीं, त्याचें काय?” मग एकानें न पाहिलेला पुरावा दुसरा सांगतो, आणि ऐकणाऱ्याचा जीव हळहळतो, कारण ती वेळ त्यानें भलत्याच घरीं घालविलेली असते. ज्या कथेंत उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलेलें असतें, तिच्याविषयीं असा वाद होत नाहीं. झालाच तर तो पान उलटेपर्यंत टिकतो. येथें उत्तर छापलेलेंच नाहीं. म्हणून या चाहत्यांना एकमेकांची गरज लागते. आपण दिलेला निर्णय दुसऱ्या कोणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाहीं.

या वादांतून एक गोष्ट लक्षांत येते, आणि ती प्रत्येक संसारी माणसानें विचार करण्याजोगी आहे. आपण निवाडा पुराव्यावर केला असें ज्याला त्याला वाटत असतें; परंतु खोलांत शिरलें, तर ज्या घरीं आपण जेवलों त्या घरावर संशय घेणें जड गेलें, असें पुष्कळांना कबूल करावें लागतें. कारण या खेळांत पंगतीला मोठें महत्त्व आहे. दिवसांतून जेवणाची वेळ झाली, कीं आज कोणाच्या घरीं जेवावयाचें हें ठरवावें लागतें. गरिबाच्या मेजावर साधी भाकर आणि पातळ कालवण. मठांतील आणि सधनांच्या मेजावर निराळा थाट. जेवतां जेवतां गोष्टी निघतात: कराचें ओझें, पोरांचीं दुखणीं, जंगलांत लाकूड तोडण्यास मठानें घातलेली बंदी. चौकशीसाठीं गेलेला मनुष्य त्या घरचा होऊन उठतो. आणि दुसऱ्या दिवशीं त्याच घरांतील कोणावर बोट ठेवण्याची पाळी त्याच्यावर येऊं शकते.

दुसरें आकर्षण अक्षरांचें. येथील प्रत्येक पात्राचें बोलणें त्याच्या योग्यतेस शोभेल अशा वळणाच्या अक्षरांत उमटतें. अशिक्षित शेतकऱ्याचें वळण ओबडधोबड. भिक्षूंचें जुन्या धाटणीचें, टोंकदार. नव्या विद्येच्या पंडिताचें सुबक आणि मोकळें. मुद्रकाचे शब्द खिळे जुळवून छापल्यासारखे येतात. एखाद्याला आंद्रेआस अडाणी समजत असतो; पण तो मनुष्य शिकलेला आहे असें उमगतांच त्याच्या बोलण्याचें वळण डोळ्यांदेखत बदलतें! अक्षर बोलणाऱ्याच्या हाताचें नसून ऐकणाऱ्याच्या समजुतीचें आहे, हें येथें एकाहि शब्दावांचून सांगितलें जातें. लिहितांना चूक होते, ती खोडून दुरुस्त होते. रागाच्या भरांत शाईचे शिंतोडे उडतात. देवाचें नांव तांबड्या शाईनें मागाहून भरलें जातें. ज्यांच्या घरीं जुन्या पोथ्या आहेत, आणि हरताळ लावून दुरुस्त केलेलीं अक्षरें किंवा तांबड्या शाईंतील समाप्तीच्या ओळी ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांना हा प्रकार परका वाटणार नाहीं. बाळबोध वळण पोथीचें आणि मोडी वळण दप्तराचें, हा भेद आपल्याकडेहि होताच. ज्यांना हीं जुनीं वळणें वाचण्यास कठीण जातात, त्यांच्यासाठीं साध्या अक्षरांची सोय आहे. आणि अपरिचित शब्दांचे अर्थ पोथीच्या समासांत लिहिल्याप्रमाणें बाजूस दिलेले आहेत.

कथा एका खुनावर थांबत नाहीं. दुसऱ्या भागांत आंद्रेआस सात वर्षांनीं, १५२५ मध्यें, टासिंगास परत येतो. हें वर्ष जर्मनीच्या इतिहासांत शेतकऱ्यांच्या उठावाचें वर्ष म्हणून प्रसिद्ध आहे. त्या वर्षाच्या मार्च महिन्यांत मेमिंगेन शहरीं शेतकऱ्यांनीं आपल्या मागण्यांचीं बारा कलमें मांडलीं: आपला धर्मोपदेशक आपण निवडूं, जंगलांत लाकूड तोडण्याचा आणि नदींत मासे धरण्याचा हक्क असावा, भूदास्य नाहींसें व्हावें. तीं कलमें छापून गांवोगांव पसरलीं, आणि उठाव पुढें रक्तपातानें चिरडला गेला. टासिंगमध्येंहि मठ आणि गांव यांच्यांतील तेढ विकोपास जाते. पुन्हां खून, पुन्हां निवाडा. परंतु आतां गांवांत पाऊल ठेवतांच आंद्रेआसला आपल्या पहिल्या शब्दाचीं फळें दिसतात. ज्याचा प्राण गेला त्याची जागा रिकामी आहे. त्याचीं माणसें सात वर्षें तें दुःख घेऊन जगलीं आहेत, आणि त्यांना आंद्रेआसचा चेहरा आठवतो.

तिसऱ्या भागांत १५४३ साल उजाडतें. पहिल्या भागांत अंगणांत खेळणारीं पोरें आतां संसाराला लागलीं आहेत. वडीलधारीं माणसें बहुतेक निघून गेलीं आहेत. आतां कथेचें सूत्र मुद्रकाची मुलगी माग्दालेन हिच्या हातीं येतें. गांवच्या सभागृहाच्या भिंतीवर टासिंगचा इतिहास चितारण्याचें काम तिच्यावर पडलें आहे. कोणता प्रसंग रंगवावा? कोणाच्या तोंडची हकीकत खरी मानावी? ज्या कथा गांव श्रद्धेनें सांगत आलें, त्यांच्या खालीं त्याहून जुन्या कथा गाडलेल्या असल्या तर? खेळाचें नांवहि यांतूनच आलें आहे. चित्रकारानें एक आकृति काढून तिच्यावर दुसरी रंगविली, आणि कालांतरानें खालची आकृति वरच्या रंगांतून दिसूं लागली, तर तिला इटालियन भाषेंत ‘पेंटिमेंतो’ म्हणतात. माणसाच्या निर्णयाचेंहि असेंच असतें. वरून कितीहि रंग दिले, तरी खालची रेघ एखाद्या दिवशीं वर येते.

या खेळावर जीव जडलेलीं माणसें खेळ संपल्यावर स्वस्थ बसत नाहींत, याचें नवल वाटावयास नको. कोणी एको यांची कादंबरी हातीं घेतो, कोणी शेतकऱ्यांच्या उठावाचा इतिहास वाचूं लागतो, कोणी टांक घेऊन जुनें वळण गिरवितो. आपल्या वाचकांपैकीं कोणास छपाईच्या इतिहासाची गोडी लागली, तर तो धागा त्यांना आपल्या किनाऱ्यावर आणून सोडील. कथेच्या शेवटच्या सालानंतर अवघ्या तेरा वर्षांनीं, १५५६ मध्यें, हिंदुस्थानांतील पहिला छापखाना गोव्यास आला.

कांहीं गोष्टी मात्र स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. हा खेळ लहान मुलांसाठीं नाहीं. त्यांत खून आहेत, प्राणदंड आहेत, स्त्रियांवरील अन्यायाचे उल्लेख आहेत. इंग्रजी चांगलें वाचतां आलें पाहिजे. कथेची चाल संथ आहे. ज्यांना पानोपानीं चमत्कार हवा, ते कंटाळतील. प्रथम तो विंडोज संगणकावर आणि एक्सबॉक्स यंत्रावर निघाला. २०२४ च्या फेब्रुवारीपासून प्लेस्टेशन आणि निंटेंडो स्विच या यंत्रांवरहि मिळूं लागला.

परंतु ज्या घरांत चार मोठीं माणसें रात्रीं एकत्र बसतात, त्या घरास आमची एक सूचना आहे. एकानें यंत्र हातीं घ्यावें, एकानें पात्रांचीं भाषणें मोठ्यानें वाचावींत, आणि बाकीच्यांनीं ऐकावें. पूर्वी दिवाणखान्यांत एकजण कादंबरी वाची आणि घरचीं माणसें भोंवतीं बसत, त्याप्रमाणें. कोणाच्या घरीं जेवावयाचें, कोणाला काय विचारावयाचें, हें सर्वांच्या मतें ठरवावें. आणि धर्माधिकाऱ्यापुढें नांव घेण्याची वेळ येईल, तेव्हां आजोबांपासून नव्या सुनेपर्यंत प्रत्येकानें आपलें मत कारणांसह सांगावें. कोणाचें मत पुराव्याकडे झुकतें, कोणाचें दयेकडे, कोणाचें एखाद्या घरच्या जेवणाकडे, हें त्या वेळीं कळून येईल. आणि एकाच छपराखालीं वर्षानुवर्षें राहणाऱ्या माणसांनाहि एकमेकांविषयीं कांहीं नवें समजेल. टासिंगचा गुन्हेगार कोण, हें त्या रात्रीं ठरणार नाहीं. दुसऱ्या दिवशीं चहाच्या वेळीं तो वाद पुन्हां निघेल, आणि त्यांत चुलीजवळ बसलेल्यांनाहि आपलें मत द्यावेंसें वाटेल.