टायरचे आयुष्य पावसाळ्यांत मोजावे

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सह्याद्रीच्या माथ्यावर ढग उतरू लागले, की पुण्या-मुंबईच्या दुचाकीस्वारांचा पाय घरात ठरत नाही. शनिवारी-रविवारी भल्या पहाटे देहूरोड, सोमाटणे फाटा, तळेगाव, वडगाव, कामशेत असा जुन्या महामार्गावरून मोटरसायकलींचा ओघ लोणावळ्याकडे सुरू होतो. खोपोलीकडून बोरघाट चढून येणारे मुंबईकर निराळेच. द्रुतगती मार्गावर दुचाकींना मनाई असल्याने हा सारा भार जुन्या रस्त्यावर आणि पुढे भुशी धरण, लायन्स पॉइंट, पवनानगर, तुंग-तिकोना यांच्याकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यांवर पडतो.

थंड प्रदेशांतील देशांत मोटरसायकलचा हंगाम बर्फ वितळून रस्ते कोरडे झाल्यावर सुरू होतो. मावळात नेमके उलटे आहे. ज्या दिवशी रस्ता निसरडा होतो, त्याच दिवशी आपला हंगाम उघडतो. टायरच्या निगेविषयी परदेशी पुस्तकांत आढळणारे सल्ले चुकीचे नसतात. पण हा फरक लक्षात न घेता ते जसेच्या तसे उचलले, तर हिशेब चुकतो.

टायर झिजतो उन्हाळ्यात आणि त्याची परीक्षा होते पावसाळ्यात. मार्च ते मे या काळात डांबर तापलेले असते, रबर मऊ पडते आणि प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक वळणावर त्याचा थोडा थोडा थर रस्त्यावर राहतो. पावसात रस्ता थंड आणि ओला असल्याने झीज कमी होते. फेब्रुवारीत टायर पाहून ‘अजून एक हंगाम सहज निघेल’ असे म्हणणारा स्वार जूनमध्ये निघतो, तेव्हा त्याच्या गाडीखाली वेगळाच टायर असतो. गंमत अशी, की मधल्या काळात त्याला काहीही जाणवत नाही. कोरड्या रस्त्यावर गोटा झालेला टायरसुद्धा उत्तम धरतो. शर्यतीतील गाड्यांचे कोरड्या मैदानावरचे टायर तर मुद्दाम खाचांविना बनवलेले असतात. खाचांचे खरे काम टायर आणि डांबर यांच्यामध्ये आलेले पाणी बाहेर काढण्याचे आहे. पाणी नसेल तोवर त्यांची उणीव भासत नाही.

या कामाला जागा किती मिळते, याचा अंदाज करून पाहण्यासारखा आहे. दीडशे किलोची मोटरसायकल आणि तिच्यावरचे दोघे मिळून २८० किलो धरले आणि त्यांपैकी १७० किलो भार मागच्या चाकावर आहे असे मानले, तर ३२ पौंड हवा असलेल्या टायरचा सुमारे ७५ चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकतो. पुढच्या चाकाचा त्याहून थोडा कमी. दोन्ही मिळून एका पोस्टकार्डापेक्षा किंचित अधिक. गाडीचा वेग, वळणातला कल आणि ब्रेकचा सारा जोर या पोस्टकार्डावर तोलायचा असतो.

ताशी ६० किलोमीटर वेगात असलेली गाडी चांगल्या कोरड्या डांबरावर पूर्ण ब्रेक लावल्यावर साधारण १८ मीटरमध्ये थांबू शकते. रस्त्याची पकड निम्म्यावर आली, तर तेच अंतर ३५ मीटर होते. शिवाय धोका दिसून हात ब्रेककडे जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात आणखी १६-१७ मीटरची भर. धुक्यात बुडालेल्या घाटात पुढचे तेवढे अंतर बहुधा दिसतही नाही.

मावळातील निसरडेपणाही एकाच जातीचा नाही. पहिल्या एक-दोन सरींत उन्हाळाभर साचलेले तेल आणि धूळ यांचा राप रस्त्यावर पसरतो. मुसळधार पावसाने तो धुऊन निघेपर्यंतचा काळ सर्वांत फसवा. पुढे जुलैत भाताची लावणी सुरू झाली, की चिखलणी करून शेतातून निघालेले ट्रॅक्टर पवनानगरच्या वाटेवर चिखलाचे पट्टे सोडून जातात. हा भाताचा मुलूख आहे, तेव्हा त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. वळणापूर्वी वेग उतरवावा, हेच शहाणपण. श्रावणात झाडांखालच्या रस्त्यांवर शेवाळ धरते. यांपैकी चिखल आणि शेवाळ यांच्यापुढे नवा टायरही हतबल असतो. पाण्यापुढे मात्र खाच उपयोगी पडते.

ती किती उरली असावी? केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या टायरची खाच किमान ०.८ मिलिमीटर असली पाहिजे. ही कायद्याची किमान मर्यादा झाली. जेथे वर्षाकाठी हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, त्या लोणावळ्याच्या रस्त्यांसाठी ती पुरेशी मानू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. घरगुती कसोटी सोपी आहे. आगकाडीची जाडी साधारण दोन मिलिमीटर असते. टायरच्या मधल्या भागातील खाचेत ती आडवी ठेवली आणि पूर्ण बुडाली, तर पावसाळा निभावेल; वर डोकावू लागली, तर टायर बदलावा. खाचांच्या तळाशी झिजेची खूण म्हणून रबराचे छोटे उंचवटेही ठेवलेले असतात. त्यांच्या बरोबरीला टायर आला, की विचार करण्याचे काही उरत नाही.

रोज महामार्गावरून कारखान्यात वा कचेरीत ये-जा करणाऱ्याचा टायर मध्येच झिजून चपटा होतो. कडेच्या खाचा शाबूत दिसतात, म्हणून तो समाधानी असतो. असा टायर सरळ रस्त्यावर ठीक चालतो. पण घाटाच्या वळणात गाडी कलली, की चपट्या भागाच्या कडेवरून जाताना ती अचानक झोकांडते.

दुसऱ्या प्रकारचा स्वार याच्या अगदी उलट. त्याची ऐटबाज गाडी वर्षातून चार-सहा वेळाच बाहेर पडते. खाचा जवळजवळ नव्या, पण रबर म्हातारे. हवा, ऊन आणि ओझोन यांमुळे रबर न वापरताही कडक होत जाते आणि कडक रबर ओल्या डांबराला चिकटत नाही. टायरच्या बाजूला चार अंकांचा एक आकडा कोरलेला असतो. १४१९ असेल, तर तो टायर २०१९ सालच्या चौदाव्या आठवड्यात तयार झाला. पाच वर्षे उलटली, की दरवर्षी जाणत्याकडून तपासून घ्यावा. बाजूला बारीक भेगा दिसल्या, तर खाचांकडे पाहू नये. नवा टायर घेतानाही हा आकडा दुकानातच वाचावा. ऐटीखातर रिमला न पेलणारा रुंद टायर बसवणारेही याच वर्गातले. रिमवर तो आवळला जाऊन त्याची गोलाई बिघडते आणि वळणातली खात्री जाते.

टायरचे आयुष्य खरोखर वाढवायचे, तर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे हवा. कमी हवेच्या टायरच्या बाजू सतत दुमडतात, तो तापतो आणि कडांना लवकर झिजतो. जास्त हवेचा मध्ये झिजतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत किंवा साखळीच्या आवरणाजवळील पट्टीवर असतो. मागे कोणी बसणार असेल, तर मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. हवा गाडी थंड असताना, घराजवळच्या पंपावर तपासावी. तापमान दहा अंशांनी उतरले, की हवा साधारण दीड पौंडाने उतरते, म्हणजे मेमध्ये भरलेली हवा जुलैच्या पहाटे कमीच भरते. पावसात पकड वाढावी म्हणून मुद्दाम हवा कमी करण्याची प्रथा आहे, ती सोडून द्यावी. दाब कमी झाला, की खाचा आवळल्या जातात आणि पाणी बाहेर निघण्याची वाट अरुंद होते. घाट चढताना उंचीमुळे हवा वाढते ही समजूत खरी आहे. पण सव्वासहाशे मीटरवरील लोणावळ्यापर्यंत ती वाढ जेमतेम एक पौंडाची. तिच्यासाठी खोपोलीला थांबू नये.

घाट उतरताना क्लच दाबून गाडी मोकळी सोडणे हाही टायर खाण्याचाच मार्ग आहे. सगळा भार ब्रेकवर येतो, मागचे चाक अडकून घसटते आणि टायर एकाच जागी खरवडला जातो. खालच्या गिअरमध्ये इंजिनालाच गाडी रोखू द्यावी. २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे; चाक अडकू न देण्याचे काम ही यंत्रणा चोख करते. पण नसलेली पकड ती निर्माण करू शकत नाही.

मग बदल केव्हा करावा? दीडशे सीसीच्या गाडीचा मागचा टायर बहुधा पंधरा ते पंचवीस हजार किलोमीटर चालतो. एप्रिलमध्ये अठरा हजार झाले असतील आणि खाच दोन मिलिमीटरच्या घरात असेल, तर उरलेल्या दोन-तीन हजार किलोमीटरसाठी पावसाळा पत्करू नये. हेच किलोमीटर नोव्हेंबरात उरले असते, तर खुशाल वापरावेत. कोरड्या दिवसांत ते कामी येतात. मृगाआधी टायर बदलणाऱ्याचे थोडे रबर वाया जाते, हे खरे. मात्र बदल अगदी आयत्या वेळीही नको. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि तो घासून निघायला शंभर-दीडशे किलोमीटर लागतात. शुक्रवारी संध्याकाळी टायर बसवून शनिवारी पहाटे लायन्स पॉइंटच्या वळणांवर निघण्यापेक्षा मेच्या मध्याला तो बसवावा, आणि पहिले दोन आठवडे कचेरीच्या कोरड्या रस्त्यावर बेताने चालवावा.