सायकलीचा जीर्णोद्धार

पनवेल हे पूर्वापार चाकांचे गाव. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरने येथील मुख्य उद्योग म्हणून बैलगाडीची चाके घडविण्याची नोंद केली आहे. देशावरून माल घेऊन उतरलेली गाडी परतताना बहुधा चाकांची एक जोडी घेऊन जात असे. पुढे याच जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावरून सायकल शर्यतीचे स्पर्धक धावू लागले आणि बोरघाट सर्वांआधी चढणारा ‘घाटाचा राजा’ म्हणून मिरवू लागला.

व्यापाऱ्याची सायकल मात्र शर्यतीची नव्हे. ती उंच, काळी, सळईच्या ब्रेकची. मागे भक्कम कॅरिअर आणि हँडलला वसुलीच्या वह्यांची पिशवी. रॅले, हंबर, बीएसए ही नावे विलायतेची. आसनसोलची सेन-रॅले आणि वरळीच्या कारखान्यातली हिंद ही स्वदेशी. पेढी उघडायला निघालेले आजोबा ज्या सायकलीवरून गेले, ती आज कित्येक घरांच्या माळ्यावर धूळ खात उभी आहे.

अशा सायकलीला दोन भये. एक भंगारवाल्याचे, दुसरे, आणि अधिक मोठे, घरातील उत्साही नातवाचे. तो प्रेमापोटीच ती रंगाऱ्याकडे नेतो. मूळ मुलामा खरवडला जातो, मडगार्डवरील सोनेरी रेघा नाहीशा होतात, जुने पेडल ‘कशाला ठेवायचे’ म्हणून फेकले जाते. आठ दिवसांनी चकचकीत सायकल घरी येते. आजोबांची सायकल मात्र घरातून गेलेली असते.

नवे मंदिर बांधण्यापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट, असे जैन परंपरेत मानले जाते. जीर्णोद्धार म्हणजे जुने पाडून नवे बांधणे नव्हे, हेही जाणता श्रावक जाणतो. कोरीव खांबावर गुळगुळीत फरशी चिकटविली, तर खर्च होतो, उद्धार होत नाही. सायकलीलाही हाच न्याय लागू पडतो.

प्रथम ओळख पटवावी. फ्रेमवरील क्रमांक आणि पुढील नळीवरचा बिल्ला पाहावा. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गतींचा हब असेल, तर त्याच्या कवचावर बहुधा वर्षाचे आकडे ठोकलेले असतात: ‘५२’ म्हणजे १९५२. चाक मूळचेच असेल, तर सायकलीचे वय त्यावरून उमगते. नगरपालिकेच्या सायकल-कराचा पत्र्याचा बिल्ला अजून लटकत असेल, तर तो काढू नये; पेढीच्या जुन्या वहीइतकाच तो पुरावा आहे. पुण्यात कर्वेनगर येथे ‘विक्रम पेंडसे सायकल्स’ हे जुन्या सायकलींचे खासगी संग्रहालय आहे. तेथे एक फेरी मारली, तर आपल्या सायकलीवर मूळचे काय आणि मागाहून आलेले काय, हे पाहण्याची नजर तयार होते.

मग स्वच्छता. सौम्य साबणाचे पाणी आणि सुती फडके, एवढेच. थिनर किंवा पेट्रोल लावले की सोनेरी रेघा फडक्यावर उतरतात. क्रोमवरील गंज ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाचा बोळा पाण्यात भिजवून घासल्याने निघतो. ॲल्युमिनियम क्रोमहून मऊ असल्यामुळे ओरखडे पडत नाहीत. रंगावर मेणाचा हात द्यावा. मधमाशीचे मेण ज्या घरांत वर्ज्य आहे, त्यांच्यासाठी ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळणारे कार्नौबा मेण उपलब्ध आहे.

यंत्रभागात घाई नडते. पेडलचा दांडा धरणारी कॉटर पिन हातोड्याने ठोकली, तर तिचे आटे चेपतात आणि घाव आतल्या छर्ऱ्यांच्या वाटीपर्यंत पोचतो. आधी तेल सोडून एक-दोन दिवस थांबावे, मग दांड्याला खालून आधार देऊन पिन दाबून काढावी. नॉटिंगहॅमच्या जुन्या रॅलेच्या मधल्या धुरीला इंचात २६ आटे असत, इतर इंग्रजी सायकलींना २४. बाजारातील वाटी जोराने बसविली, तर फ्रेम कायमची बिघडते. म्हणून मूळचीच वाटी धुऊन, नवे छर्रे घालून पुन्हा बसवावी. टायर, ट्यूब व ब्रेकचे रबर बदलणे मात्र भागच आहे. तेथे हौसेपेक्षा जीव मोलाचा.

खरा पेच सीटपाशी येतो. त्या काळच्या उत्तम सायकलींवर बर्मिंगहॅमच्या ब्रूक्स कंपनीचे चामड्याचे सीट असे. ते ठेवावे तर घरातील आजी हात लावत नाहीत. टाकावे तर सायकलीचा सर्वांत ओळखीचा, आजोबांच्या बैठकीने घडलेला भाग जातो. त्याची निगा राखण्यासाठी कंपनी जे मलम देते, त्यातही प्राण्यांची चरबी असते. मूळ सुटे भाग जपण्याचा आग्रह आणि अहिंसेचे व्रत येथे समोरासमोर उभे राहतात, आणि संग्राहकांच्या पुस्तकी नियमांत याचे उत्तर नाही.

व्रताला मुरड घालणे अनुचित, हे स्पष्टच आहे. पण जुने सीट कचऱ्यात टाकल्याने त्या मुक्या जीवाचे काही परत येत नाही. वापरायच्या सायकलीवर दुसरे सीट चढवावे, रेक्झिनचे चालेल. खुद्द ब्रूक्सनेही २०१३पासून रबर आणि सुती कापडाचे सीट बाजारात आणले आहे. मूळचे सीट चरबीचे मलम न लावता, कोरड्या सुती कापडात गुंडाळून निराळे ठेवावे.

काढलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद व्हावी. व्यापारी घराला हे शिकवायला नको. जुने ब्रेक-रबर, झिजलेले छर्रे, तुटलेला आरा, सीट: एका डब्यात चिठ्ठ्यांसह ठेवून वहीत तारीख, काय काढले, काय घातले आणि कोणाच्या हाताने, हे लिहावे. पहिल्या पानावर मात्र सायकल कोणी, कोणत्या साली घेतली ते असावे. आणि ते घरात कोणाला आठवत असेल, तर आजच विचारून घ्यावे.