कॉकोलिथची ओळखपरेड

टी. एच. हक्सले यांनी 1868 साली इंग्लंडमधल्या नॉरिच शहरात कामगारांपुढे खडूच्या तुकड्यावर एक व्याख्यान दिले होते. कॉलेजात असताना ते वाचले आणि दुसऱ्याच दिवशी दादरच्या माझ्या जुन्या शाळेतून फळ्यावरचा एक खडू मागून आणला. खडू म्हणजे असंख्य सूक्ष्म कवचांचा गाळ, असे हक्सले सांगत होते. मी पूड काचपट्टीवर पसरली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. दिसले ते सुयांसारखे स्फटिक. कवच एकही नाही. सरांनी त्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकला, तोही फसफसला नाही. "अहो, हा जिप्सम आहे," ते म्हणाले. आपल्याकडचा फळ्याचा खडू बहुधा जिप्समचाच असतो. लालबाग-परळच्या गणपतीच्या कारखान्यांत पोत्यांनी उतरणाऱ्या प्लास्टर ऑफ पॅरिसचा सख्खा भाऊ. हक्सलेंचा चॉक हा मऊ चुनखडीचा दगड. मराठीत दोघेही खडूच, आणि माझा घोटाळा तिथेच झाला.

खऱ्या चॉकचा मोठा भाग कॉकोलिथ नावाच्या चकत्यांनी बनलेला असतो. समुद्राच्या उजेड पोचणाऱ्या थरात तरंगणारे एक एकपेशीय शैवाल कॅल्साइटच्या या चकत्या तयार करते आणि चिलखतासारख्या अंगाभोवती रचते. शैवाल मेले की चिलखत सुटे होते आणि चकत्या तळाशी जातात. पुष्कळशा तर इवल्या प्राण्यांच्या विष्ठेच्या गोळ्यांतून. चकती साधारण 2 ते 10 मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या मापातली. एहरेनबर्ग यांना 1836 मध्ये त्या चॉकमध्ये दिसल्या, पण त्यांनी त्या निर्जीव मानल्या. कॉकोलिथ हे नाव हक्सलेंनी 1858 मध्ये अटलांटिकच्या तळच्या चिखलातल्या चकत्यांना दिले, तेव्हा त्यांचाही समज फारसा वेगळा नव्हता. या चकत्या एका गोळ्याचे सुटे भाग आहेत हे 1860च्या सुमारास सॉर्बी आणि वॉलिक यांनी ओळखले. यांतले वॉलिक कोलकात्यात जन्मलेले, हिंदुस्थानातल्या लष्करात डॉक्टर होते.

आता प्रश्न असा, की ज्याचा जीव गेला, रंग गेला, गोळाही फुटला, त्याचे कुळ एका चकतीवरून ठरवायचे कसे? बाह्य आकारावर भिस्त ठेवता येत नाही. गाळात पडल्यावर काही चकत्यांच्या कडा विरघळतात, काहींवर नवे कॅल्साइट चढून त्या जाड होतात. अंडाकृती, मध्ये भोक, भोवती दुहेरी कड असे वर्णन डझनावारी जातींना लागू पडते.

उत्तर ध्रुवित प्रकाशात आहे. सूक्ष्मदर्शकात एकमेकांना काटकोनात दोन ध्रुवक बसवले की सगळे क्षेत्र काळे होते. काच त्यात दिसतच नाही. कॅल्साइट मात्र प्रकाशकिरण दुभंगवतो, म्हणून उजळतो. पण त्याच्या स्फटिकाचा मुख्य अक्ष आपल्या नजरेच्या रेषेत उभा असेल, तर तोही काचेसारखा काळाच राहतो. म्हणजे उजेड आणि काळोख पाहून आपल्याला अक्षाची दिशा वाचता येते. कॉकोलिथच्या कडेत दोन तऱ्हेचे स्फटिक आळीपाळीने गुंफलेले असतात: एकाचा अक्ष चकतीला उभा, दुसऱ्याचा केंद्राकडून कडेकडे आडवा. जेरेमी यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये ही मांडणी स्पष्ट केली आणि या स्फटिकांना व्ही आणि आर अशी नावे दिली.

माझा पहिला महिना यातच वाया गेला. साध्या प्रकाशात मी दोन प्रकारच्या अंडाकृती चकत्या एकाच नावाखाली मोजत होतो. ध्रुवक लावून तबकडी फिरवल्यावर कळले, की त्यांतली एक कॉकोलिथस. तिची बाहेरची मोठी ढाल व्ही स्फटिकांची, म्हणून जवळजवळ दिसेनाशी होते आणि आतली लहान ढाल तेवढी चमकते. दुसरी रेटिक्युलोफेनेस्ट्रा. तिच्या दोन्ही ढाली आर स्फटिकांच्या. अख्खी चकती उजळते आणि तिच्यावर किंचित पिळलेली काळी फुली फिरत राहते. कुळेच वेगळी. आणि मुख्य म्हणजे वर नवे कॅल्साइट चढले तरी ते जुन्या स्फटिकाच्याच दिशेने चढते. आकार बिघडतो, अक्ष बिघडत नाही. महिन्याची मोजणी मी फाडून टाकली.

गिरगाव ते लालबाग या पट्ट्यातल्या पायाखालच्या खडकांत कॉकोलिथ शोधू नयेत. हे लाव्हाचे खडक, आणि त्यांच्यामधले गाळाचे थर गोड्या पाण्यातले. वरळीच्या टेकडीतल्या अशा थरातले चिमुकले जीवाश्म बेडूक ओवेन यांनी 1847 मध्येच जगापुढे आणले. समुद्री गाळ हवा तर मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटर पश्चिमेला जावे लागते. तिथे 1974 मध्ये बॉम्बे हायचे तेल सापडले. तेलविहिरीतून वर येतो तो छिन्नीने कुटलेला खडकाचा चुरा. त्यात शंख-शिंपल्यांच्या ठिकऱ्या होतात, पण कॉकोलिथ इतके लहान की छिन्नीच्या दातांतून निसटतात. दात कोरायच्या काडीवर मावेल एवढा चिखल एका काचपट्टीला पुरतो.

चुऱ्याची एक खोड मात्र आहे: विहिरीच्या वरच्या भिंतीतला माल खाली ढासळतो. म्हणून एखादी जात खोल सापडली याला किंमत नाही. खाली जाताना ती पहिल्यांदा कुठे भेटली, म्हणजे काळाच्या हिशेबात कुठे संपली, ते पाहायचे. तारकेसारखे डिस्कोॲस्टर सुमारे 19 लाख वर्षांपूर्वी संपले. ध्रुवित प्रकाशात ते काळेच राहतात, कारण त्यांच्या स्फटिकांचे अक्ष उभे. त्यांच्यासाठी ध्रुवक काढून साध्या प्रकाशात यावे लागते. शेजारच्या पाचरीसारख्या स्फेनोलिथसचे उलट. साध्या प्रकाशात तो कचरा वाटतो, ध्रुवक लावताच पेटतो. तेव्हा प्रत्येक काचपट्टी दोनदा पाहायची.

एवढे जमले तरी एक अडचण उरते, आणि मला तीच जास्त छळते. मेरी पार्क आणि ॲडम्स यांनी 1960 मध्ये कॉकोलिथस पेलॅजिकस हे शैवाल प्रयोगशाळेत वाढवले. त्याच्या आयुष्याच्या दुसऱ्या अवस्थेत ते वेगळ्याच चकत्या घालते, एकसारख्या सूक्ष्म स्फटिकांच्या, होलोकॉकोलिथ म्हणतात तशा. त्या चकत्यांना तोवर क्रिस्टॅलोलिथस हे स्वतंत्र नाव होते. एकच जीव, दोन नावे. आजच्या समुद्रात कधीकधी दोन्ही तऱ्हांच्या चकत्या अंगावर असलेला, कपडे बदलताना पकडल्यासारखा गोळा सापडतो आणि जोडी जुळते. गाळात गोळे सुटतात, आणि होलोकॉकोलिथ तर इतके ठिसूळ की क्वचितच टिकतात. म्हणून जीवाश्मांच्या याद्यांत त्यांची वेगळी नावे अजून चालू आहेत. त्यांतली किती नावे जादा आहेत, हे तबकडी कितीही फिरवली तरी दिसत नाही.