जबलपूरच्या एका जागेतून दिसणारा देशाचा निकाल

लोकसभा निवडणुकीची मतमोजणी एकाच दिवशी होत असली, तरी बहुपक्षीय लोकशाहीत त्या दिवशी हाती येणारा निकाल एकपदरी नसतो. मतदारसंघात कोण जिंकले, देशभरात कोणाला किती मते पडली आणि सभागृहात बहुमत कोणाचे जमले या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी असू शकतात, आणि विजयाचा गुलाल किंवा पराभवाची हळहळ बहुधा पहिल्याच उत्तरावर विसंबून व्यक्त होते. मध्य प्रदेशातील जबलपूर मतदारसंघाचा इतिहास हा फरक समजून घेण्यास उपयोगी पडतो.

जबलपूरचे काँग्रेस खासदार सेठ गोविंद दास यांच्या निधनानंतर 1974 साली येथे पोटनिवडणूक झाली. काँग्रेसची ही जागा विरोधकांचे संयुक्त उमेदवार म्हणून उभे राहिलेले 27 वर्षांचे विद्यार्थी नेते शरद यादव यांनी जिंकली. एका जागेने दिल्लीतील सरकार हलले नाही. मात्र विखुरलेले विरोधी पक्ष एकवटले तर मतविभागणी टळते, हा त्या निकालाचा अर्थ होता आणि 1977 च्या सार्वत्रिक निवडणुकीत तो देशभर प्रत्ययास आला.

पुढे याच मतदारसंघातून बाबूराव परांजपे हे मराठी नेते भारतीय जनता पक्षातर्फे 1989, 1996 आणि 1998 मध्ये निवडून आले. तिन्ही वेळा जबलपूरने एकच नाव दिल्लीला पाठवले, परंतु दिल्लीत त्या विजयाचे मोल दर वेळी बदलले. 1989 मध्ये त्यांच्या पक्षाने विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारला बाहेरून पाठिंबा दिला, म्हणजे मंत्रिपदे न घेता सभागृहात साथ दिली. 1996 मध्ये लोकसभा त्रिशंकू झाली, म्हणजे कोणालाच स्पष्ट बहुमत मिळाले नाही, आणि 161 जागांसह भाजप पहिल्या क्रमांकावर असूनही त्याचे वाजपेयी सरकार 13 दिवसच टिकले. 1998 मध्ये आघाडी जमून पुन्हा वाजपेयींचे सरकार आले. ते सरकार 17 एप्रिल 1999 रोजी 269 विरुद्ध 270 अशा एका मताने कोसळले.

मतांची टक्केवारी आणि जागा यांचेही गणित सरळ नसते, कारण मतदारसंघात सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार, ती मते निम्म्याहून कमी असली तरी, विजयी ठरतो. 2019 ते 2024 या काळात भाजपची देशातील मते सुमारे 37.4 टक्क्यांवरून 36.6 टक्क्यांवर आली, म्हणजे एका टक्क्याहूनही कमी घटली, पण जागा 303 वरून 240 झाल्या आणि 543 सदस्यांच्या सभागृहात बहुमतासाठी लागणारे 272 सदस्य मित्रपक्षांच्या साथीने जमवावे लागले. त्याच वेळी मध्य प्रदेशात पक्षाने 29 पैकी 29 जागा जिंकल्या, तर महाराष्ट्रात 48 पैकी 9 जागांवर त्याला थांबावे लागले. त्यामुळे जबलपुरातला मतदार आणि नागपुरातला त्याचा नातलग एकाच निकालाविषयी बोलताना दोन वेगवेगळी चित्रे पाहत होते.

जबलपूर शहराला लागून असलेल्या रांझीत हा विषय निव्वळ चर्चेचा राहत नाही. खमरियाचा दारूगोळा कारखाना, वाहन कारखाना आणि 1904 पासूनची गन कॅरेज फॅक्टरी यांवर या परिसराचा संसार उभा आहे, आणि हे कारखाने केंद्राच्या अखत्यारीत आहेत. 1 ऑक्टोबर 2021 रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन देशातील 41 कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले, तेव्हा खमरियाचा कारखाना पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेला, तर उरलेले दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडे. कामगार महासंघांचा विरोध असतानाही, स्वबळावर बहुमत असलेल्या सरकारने हा निर्णय तडीस नेला. याउलट 2006 मध्ये नेयवेली लिग्नाइट कंपनीतील सरकारी हिस्सा विकण्याचा प्रस्ताव, लोकसभेत 16 सदस्य असलेल्या द्रमुकने सत्ताधारी आघाडी सोडण्याचा इशारा देताच, केंद्राला थांबवावा लागला होता. कामगाराच्या दृष्टीने स्थानिक उमेदवाराचे मताधिक्य महत्त्वाचे असतेच, पण त्याच्या कारखान्याचे भवितव्य पुष्कळदा सरकार कोणाच्या टेकूवर उभे आहे यावर ठरते.

म्हणून निकालाच्या संध्याकाळी आपल्या खासदाराच्या मताधिक्यावर न थांबता त्याच्या पक्षाची देशातील मते, त्याच्या जागा आणि बहुमताला कमी पडणारी संख्या हे तीन आकडेही वाचकाने एका कागदावर शेजारी शेजारी मांडून पाहावेत. गुलाल त्यानंतरही उधळता येतो.